अप्पा ऐकत नाहीत

थोरलीला पडद्याची भीती वाटायला लागली ती एका मंगळवारी, भर दुपारी, लख्ख उन्हात. भीती वाटायची ही काही वेळ नव्हे, पण या घरातलं सगळंच उलटं होतं. इतरांची दुकानं बंद व्हायला लागली की यांचं उघडायचं. इतरांना दिवा लावला की बरं वाटतं, यांना मालवला की. आणि चार मजली उंच पांढरा पत्रा हे लोक घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा सांभाळायचे.

ड्राइव्ह-इन थिएटर होतं त्यांचं. मोकळं मैदान, एका टोकाला पडदा, मधोमध प्रोजेक्टरची खोली, दुसऱ्या टोकाला फाटक. लोक गाडी घेऊन आत येत, पडद्याकडे तोंड करून लावत आणि गाडीतच बसून सिनेमा बघत. आवाज गाडीच्या रेडिओवर. घरात माणसं तीन. हे सगळं उभं करणारे अप्पा, प्रोजेक्टर चालवायची ती त्यांची थोरली मुलगी, आणि फाटक अन् खाण्याची खिडकी सांभाळायचा तो धाकटा मुलगा. आई जाऊन सोळा वर्षं झाली होती.

त्या मंगळवारी थोरली पडद्याखालचं गवत काढत होती. हंगामाचा पहिला शो शनिवारी होता. खुरपं ठेवून ती पाणी प्यायला दोन पावलं बाजूला झाली, आणि ती बसली होती नेमकं तिथं वरून काहीतरी आदळलं. फरशी फुटल्यासारखा आवाज झाला. तिनं वर पाहिलं. पडद्याच्या वरच्या कडेला ताटाएवढा तांबडा गंज उघडा पडला होता.

खाली पडला होता तो रंग. पण त्याला रंग म्हणायला जीभ रेटेना. शाळेच्या पाटीएवढी जाड खपली होती, आणि ती उचलायला दोन हात लागले. थोरली बाटलीकडे वळली नसती तर ती खपली तिच्या डोक्यातच बसली असती.

दर वर्षी हंगामाआधी अप्पा पडद्याला पांढरा रंग देत. घरात त्याला ‘आंघोळ’ म्हणत. पडदा न्हाला की हंगाम सुरू. आतापर्यंत एक्केचाळीस आंघोळी झाल्या होत्या, आणि जुना रंग खरवडून काढावा असं एकाही वर्षी कुणाच्या मनात आलं नव्हतं. अंगावरचं मागचं पाणी काढून कुणी नव्यानं न्हातं का, असा हिशोब असावा.

तुटलेल्या कडेला थर स्वच्छ दिसत होते. थोरली तिथंच बसली आणि नखानं एकेक मोजायला लागली. सगळ्यांत तळाचा थर अप्पा आणि आईनं दोघांनी मिळून दिलेला, लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि गाडीत बसून सिनेमा कोण बघणार म्हणून सोयरे हसत होते. नववा थर करडा. त्या वर्षी पांढरा रंग पुरला नाही म्हणून अप्पांनी त्यात उरलासुरला करडा ढकलला, आणि तो अख्खा हंगाम प्रत्येक सिनेमात आभाळ भरून आल्यासारखं दिसलं. मग विसाच्या आसपास कागदाएवढे पातळ थर. घरोघर केबल टीव्ही आला, सिनेमाच्या सीडी आल्या, आणि मैदानात सात गाड्या लागल्या तर धाकटा उड्या मारायचा. एकदा तर एकच गाडी आली होती, आणि तिचा ड्रायव्हर झोपायला जागा शोधत होता. तरी अप्पांनी पूर्ण सिनेमा दाखवला. सव्विसावा थर सगळ्यांत जाड. आई गेली ते वर्ष. अप्पांनी तेव्हा एकामागून एक दोन हात दिले होते आणि महिनाभर कुणाशी बोलले नव्हते. आणि वरच्या थरांत कुठंतरी ते साथीचं वर्ष, बंद हॉलवर कुलपं लागली आणि यांच्या फाटकापासून हमरस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागली. मैदान तगलं ते त्या वर्षामुळे.

घराची सगळी कहाणी हातात धरून बसल्यासारखं तिला वाटलं, आणि मग लक्षात आलं की उरलेली कहाणी डोक्यावर लटकते आहे. ती उठली आणि चटकन बाजूला झाली.

तिथून दहा पावलांवर अप्पांची खुर्ची होती. चौथ्या हंगामात वाऱ्यानं एक पत्रा सुटून पडला होता. कुणाला लागलं नाही, पण पडदा कधीतरी अंगावर येणार अशी आवई उठली आणि लोक यायचे बंद झाले. तेव्हा अप्पांनी एक लोखंडी खुर्ची उचलली, ऐन पडद्याच्या पायथ्याशी ठेवली, आणि पुढच्या शोला लोकांकडे पाठ करून तिच्यावर जाऊन बसले. सिनेमा संपेपर्यंत हलले नाहीत. मालक स्वतः खाली बसतो म्हणजे पडदा पक्का, असं लोक म्हणायला लागले. तेव्हापासून एकही शो त्या खुर्चीशिवाय झाला नव्हता. तिथून सिनेमा दिसत नाही, नुसता डोळ्यांवर उजेड सांडतो. म्हणजे चाळीस वर्षं सिनेमाचा धंदा करून या माणसानं धड एक सिनेमा पाहिला नव्हता.

“खुर्ची जरा मागं घ्या ना,” असं आई म्हणायची, मग थोरली म्हणायला लागली. अप्पा ऐकत नसत. ‘अप्पा ऐकत नाहीत’ हे त्या घरातलं रोजचं वाक्य होतं. दूधवाला म्हणायचा, रंगाचा दुकानदार म्हणायचा, आई तर कौतुकानं म्हणायची. अलीकडे दोनेक वर्षांत ते जरा जास्तच ऐकेनासे झाले होते. परवा जेवताना धाकट्यानं विचारलं, “अप्पा, मीठ देऊ?” अप्पा म्हणाले, “उद्या बघू.” दोघं भावंडं हसून लोळली. अप्पाही हसले.

बुधवारी वेल्डर आला. पडद्याचा सांगाडा त्याच्या वडिलांनी जोडलेला, त्यामुळे त्यालाही तो पडदा थोडा घरचाच वाटायचा. मागच्या शिडीनं तो वर गेला. हातोडीचे ठोके बराच वेळ येत राहिले. मग ठोके थांबले, आणि तो बराच वेळ खाली आलाच नाही.

खाली आल्यावर त्यानं ती खपली खाण्याच्या खिडकीतल्या काट्यावर ठेवली, आणि पडद्याच्या लांबी-रुंदीनं गुणलं.

“दीड टन,” तो म्हणाला. “नुसता रंग. पत्रे अजून बरे आहेत, सांगाडा तर ठणठणीत. पण वरच्या ओळीचे अकरा बोल्ट संपलेत. ओझ्यानं ताणले आणि मग गंजले. मायेनं मारलंत तुम्ही याला.”

“मग आता?” थोरलीनं विचारलं.

वेल्डर खाली वाकून वायर गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “नवे बोल्ट आणून ठेवा, सोमवारी येतो. त्याआधी मला वेळ नाही. बसवले की हा रंग खरवडायचा, सगळा. तोवर रंगाचा एक हातही द्यायचा नाही. आणि वारा असेल तेव्हा खाली कुणी थांबायचं नाही.”

“हो, हो. अगदी,” अप्पा म्हणाले आणि त्यांनी वेल्डरच्या पाठीवर थाप मारली. अप्पा इतक्या सहज कबूल झाले याचं थोरलीला नवल वाटलं.

त्या मापाचे बोल्ट जवळपास मिळेनात. गुरुवारी सकाळी ती मोठ्या बाजाराला निघाली. फाटकातून गाडी काढताना तिनं ओरडून बजावलं, “अप्पा, आता रंग नको हं!”

अप्पांनी पडद्याजवळून हात वर केला. “हो, हो.”

संध्याकाळी ती परतली तेव्हा वळणावरूनच पडदा दिसला. डोळे दिपतील इतका पांढरा, ओला, नखशिखांत न्हालेला. परांचीवरून उतरून दोन रंगारी निघायच्या तयारीत होते आणि अप्पांच्या भुवयांवर पांढरे ठिपके होते. बोल्टची पिशवी थोरलीनं तिथंच मातीत ठेवली.

“अप्पा, हे काय केलंत?”

“आंघोळ,” अप्पा खुशीत म्हणाले. “तूच तर म्हणालीस.”

“मी म्हणाले? वेल्डर काय सांगून गेला तुम्हाला?”

चुकून दुसऱ्याच्या दारात शिरल्यावर माणूस जसा बघतो तसे अप्पा क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. ते बघणं तिला फार उशिरा उमगलं. लगेच त्यांचा चेहरा घट्ट झाला.

“माझा पडदा आहे,” ते म्हणाले. “मला कुणी शिकवायचं नाही.” आणि ते हात धुवायला निघून गेले.

शुक्रवार भांडणात गेला. थोरली म्हणाली शो रद्द करू. धाकटा म्हणाला, पहिल्याच शोला फाटक बंद दिसलं की लोक पुन्हा वळत नाहीत, विसावा थर विसरलीस का? तीही विसरली नव्हती. अप्पा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते आणि कशालाही एकच उत्तर देत होते, “शो होणार.” शेवटी थोरलीनं पुढच्या तीन रांगा दोरी बांधून रिकाम्या ठेवल्या. पडदा उभाच्या उभा आडवा झाला तरी चौथ्या रांगेला पोहोचत नव्हता, हे तिनं टेपनं दोनदा मोजलं. गाड्या वाचल्या. खुर्ची मात्र दोरीच्या आतच राहिली. तिनं ती दोनदा उचलून मागं आणली, अप्पांनी दोनदा परत नेऊन ठेवली.

“अप्पा ऐकत नाहीत,” धाकटा म्हणाला.

“दिसतंय मला,” थोरली म्हणाली.

शनिवारी सूर्य बुडाला आणि नव्वद गाड्या आत आल्या. धाकट्यानं फाटकावर प्रत्येकाला मैदानाचा पहिला नियम सांगितला, सिनेमा चालू असताना पुढचे दिवे लावायचे नाहीत. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर जाऊन बसले. थोरलीनं प्रोजेक्टर सुरू केला आणि खोलीच्या खिडकीला नाक लावून उभी राहिली. सिनेमा कुठला होता ते तिला दुसऱ्या दिवशी सांगता आलं नसतं. ती पडद्याची वरची कड बघत होती, आणि कडेच्या खाली अंधारात दिसणारं एक पांढरं डोकं.

अर्ध्या तासानं वारा सुटला. फार नव्हता. खिडकीजवळची तिकिटं उडाली एवढाच. पडद्यावर एक घर होतं, आणि त्या घराचं छप्पर वाकलं.

तिला वाटलं, सिनेमातच तसं असेल. मग घर गेलं आणि समुद्र आला, आणि समुद्राची रेघसुद्धा मधे वाकलेली होती. वरचा पत्रा पोटासारखा पुढं आला होता.

अप्पा फोन जवळ ठेवत नसत. खोलीपासून पडद्यापर्यंत धावत गेलं तरी दीड-दोन मिनिटं लागणार, तीही गाड्यांच्या फटींतून. घोषणेचा माइक हाताशी होता. तिनं तो ओढला, आणि नव्वद गाड्यांच्या रेडिओंतून सिनेमा बंद होऊन तिचा आवाज गेला.

“हॉर्न वाजवा. सगळ्यांनी हॉर्न वाजवा. अप्पांना उठवा तिथून.”

लोकांना काय समजलं कोण जाणे, पण हॉर्न वाजले. आधी दोन-चार, मग सगळे. खोलीची काच थरथरायला लागली. झाडांवरचे पक्षी उठून गेले. फाटकावरून धाकटा धावत सुटला. असा गलका त्या मैदानावर कधी झाला नव्हता.

अप्पांनी मानसुद्धा वळवली नाही.

ते तसेच बसले होते, गुडघ्यांवर हात, मान किंचित तिरपी, कान लावून बसल्यासारखे. नव्वद हॉर्न त्यांच्या पाठीवर आदळत होते आणि त्यांच्या खांद्यावरची सुरकुती हलत नव्हती. थोरली बघत राहिली. मीठ. पाठीवरची थाप. आता रंग नको हं. तूच तर म्हणालीस. दोन वर्षं सगळं घर खरं तेच म्हणत होतं आणि वर हसत होतं.

अप्पा ऐकत नव्हते. अप्पांना ऐकूच येत नव्हतं.

तिनं माइक टाकला आणि प्रोजेक्टरचा उजेड बंद केला.

पडदा काळा पडला. चाळीस वर्षांत शो चालू असताना पडदा काळा झाला म्हणजे अप्पा उठलेच पाहिजेत. नियम मोडून कुणीतरी पुढचे दिवे लावले, मग दुसऱ्यानं, आणि त्या उजेडात ते दिसले. उठले होते. रागानं हात हलवत खोलीच्या दिशेनं येत होते, मुलीला फैलावर घ्यायला. एक दोरी ओलांडली. पलीकडून धाकटा त्यांच्या दिशेनं धावत होता, ओरडत होता, त्याचं तोंड उघडत मिटत होतं.

मग वरची ओळ सुटली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, पटापट, सदऱ्याची बटणं तुटावीत तशी. पत्रा एकाएकी नाही पडला, आधी वाकला, मग त्यानं सगळे एक्केचाळीस थर आणि बेचाळिसावा ओला थर घेऊन खाली लोळण घेतली.

अप्पा आणखी एक पाऊल पुढं चालले. मग थांबले आणि आपल्या पायांकडे बघायला लागले. आवाज त्यांना कळला नव्हता, जमीन हलली ती तळव्यांना कळली होती. त्यांनी वर पाहिलं तर दिव्यांच्या उजेडात सगळ्या गाड्यांमधली माणसं तोंडावर हात धरून त्यांच्या पाठीमागं बघत होती. तेव्हा कुठं ते वळले. खुर्ची होती तिथं खुर्ची दिसत नव्हती.

गाड्या एकेक करून गेल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. धाकटा फाटकावर उभा राहून प्रत्येकाची माफी मागत होता. खोलीत अप्पा स्टुलावर बसले होते आणि थोरली त्यांच्यासमोर जमिनीवर, गुडघ्याला गुडघा लावून.

“अप्पा,” ती त्यांच्या अगदी तोंडासमोर, सावकाश म्हणाली, “तुम्हाला ऐकू येत नाही?”

ते तिच्या ओठांकडे बघत होते. “एवढ्या जवळ आलीस तर येतं थोडं.”

“कधीपासून?”

“दोन हंगाम झाले.”

“आणि तुम्ही तिथं बसत होतात.”

अप्पा खिडकीतून आडव्या पडलेल्या पत्र्याकडे बघायला लागले. तिला वाटलं, हेही ऐकू आलं नाही.

“लोकांना वाटतं मी जाहिरातीसाठी बसतो,” ते म्हणाले. “तुझ्या आईला तेवढं ठाऊक होतं. मी ऐकायला बसायचो. सिनेमाचा आवाज सगळा गाड्यांत असतो, तिथं नुसता पत्रा बोलतो. उन्हानं तापलेला पत्रा थंड होताना ‘टण्’ म्हणतो, लांबट. त्याचं काही नाही. ताणलेला बोल्ट ‘कट्’ म्हणतो, आखूड. चौथ्या वर्षी पडला ना, त्याआधी तासभर तो सांगत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. मग मी बसायला लागलो. एकदा ‘कट्’ आला की दुसऱ्या दिवशी बोल्ट बदलायचा. पन्नासेक बदलले असतील मी, मोठ्या बाजारातून आणून, कुणाला न सांगता.”

“आणि ही दोन वर्षं?”

“ही दोन वर्षं नुसताच बसलो.”

“अहो पण का?” तिचा आवाज चढला, आणि आवाज चढवून काही उपयोग नाही हे लक्षात येऊन पुन्हा उतरला. “सांगायचं होतंत मला.”

“सांगितलं असतं,” अप्पा म्हणाले, “तर तू जाऊन बसली असतीस.”

थोरलीनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. अप्पांना ते ऐकू आलं नसावं, पण त्यांचा हात तिच्या डोक्यावर आला.

पडदा खरवडायला दोन महिने लागले. धाकटा, थोरली, वेल्डर आणि ओळखीपाळखीचे दहाबाराजण पत्रे जमिनीवर आडवे टाकून त्यावर पालथे पडून खरवडत होते. अप्पा पोती भरत होते. सव्विसाव्या थराचा एक तुकडा त्यांनी खिशात टाकला, तो कुणी पाहिला नाही असं त्यांना वाटलं. सगळे बोल्ट नवे आले. पत्र्यांवर पातळसा एकच हात बसला. वेल्डर म्हणाला, “आता पन्नास वर्षं वर बघायला नको.” अप्पांच्या कानात यंत्र आलं. त्यानं मीठ ऐकू यायला लागलं, पण उघड्यावर वाऱ्याच्या घोंघावण्याखेरीज त्यातून काही येत नसे.

हंगाम उशिरा सुरू झाला. संध्याकाळी गाड्या लागल्या. धाकट्यानं नवी खुर्ची आणून पायथ्याशी ठेवली आणि अप्पा सदरा सारखा करत तिकडे निघाले. थोरलीनं त्यांना अर्ध्या वाटेत गाठलं, दंडाला धरून खोलीत आणलं, स्टुलावर बसवलं आणि प्रोजेक्टरची बटणं दाखवली. अप्पा वाद घालायला लागले. तिनं त्यांच्या कानातलं यंत्र हळूच काढून त्यांच्याच खिशात ठेवलं आणि ती निघाली.

“ही मुलगी ऐकत नाही,” मागून अप्पांचा आवाज आला.

ती खुर्चीवर बसली. पुढं भिंतीसारखा पडदा, वर मान केली तर टोक दिसेना. मागं नव्वद गाड्या, आणि इथं एकही आवाज नाही. दाट शांतता होती. सिनेमा सुरू झाला आणि तिच्या डोळ्यांवर उजेड सांडला. वरून ‘टण्’ आला. लांबट होता. काही नाही. पुन्हा ‘टण्’. तिनं खुर्चीची कड घट्ट धरली. नवे बोल्ट आहेत, वेल्डरनं स्वतः आवळलेत, हे तिला पाठ होतं. पण वेल्डर इथं बसत नाही. अप्पा बसायचे, चाळीस वर्षं, इतकी भीती मांडीवर घेऊन, आणि घरी येऊन विचारायचे, गर्दी कशी होती गं. पुन्हा काहीतरी वाजलं. ते लांबट होतं की आखूड, तिला ठरवता येईना. तिनं मान किंचित तिरपी केली आणि श्वास रोखला.

मागून, दोरीच्या पलीकडून, धाकटा चहाचा पेला घेऊन हाका मारत होता.

“ताई. अगं ताई. केव्हाचा बोलावतोय, ऐकत नाहीस का?”

तिनं वळून न बघता हात वर केला.

“ऐकतेय,” ती म्हणाली.